तांबडा पट्टा कोरडा होता

या, मित्रांनो, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका. माझा आवाज लाकडाचा आहे, तो फार लांब पोहोचत नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ऐकताना थोडी भीती वाटेल, वाटू द्या.

मी एक जुना भरतीखांब आहे. खाडीकाठी, बेटावरच्या पडक्या बुरुजाकडे जाणारी दगडी वाट जिथे सुरू होते, तिथे मी उभा आहे. ही वाट ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला बुडते. होड्या बांधणाऱ्या एका सुताराने मला तासून घडवले. खाली पांढरा रंग दिला आणि त्याच्यावर, माझ्या गुडघ्याशी म्हणा ना, एक तांबडा पट्टा ओढला. पाणी तांबड्याला लागले की वाटेवर कुणी पाऊल टाकायचे नाही, एवढाच माझा निरोप. देव प्रत्येकाला काहीतरी काम नेमून देतो. मला त्याने तोंड न देता खरे सांगायचे काम दिले.

माझ्याशेजारी दगडावर वाटराख्या आजोबा बसत. येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवणे हे त्यांचे काम. रोज सकाळी पाठीवर थाप मारून ते विचारत, "काय रे सोट्या, कुठवर आलंय पाणी?" आणि मी दाखवी.

पुढे बेटावरची वस्ती उठली. वाट ओस पडली. माझा रंग गेला, पायाला शिंपले चिकटले, लाकूड खालून भुसभुशीत झाले. कुत्रीसुद्धा माझ्याकडे दुर्लक्ष करू लागली, यावरून काय ते समजा!

मग काठावरच्या जुन्या जकातघराचे वस्तुसंग्रहालय झाले. फुटकी सुकाणे, गंजलेले कंदील, जाळी, सगळे काचेआड गेले. तिथल्या ताई म्हणजे त्या सुताराचीच नात. मला पाहून तिचे डोळे भरून आले. तिने मला धुतले, तेल पाजले, नवा रंग दिला आणि दीड हात उंच घडीव दगडाच्या चौथऱ्यावर उभे केले. खाली पितळी पाटी लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मी फुशारलो.

आजोबा मात्र टाळ्या न वाजवता पुढे आले.

"पोरी, ह्याला वर का चढवलंस?"

"खालून कुजत होता आजोबा. आणि फोटोत नीट दिसायला नको का?"

"दिसेल गं! पण आता पाणी ह्याच्या तांबड्याला लागेस्तोवर वाटेवरचा माणूस कंबरभर बुडालेला असेल."

"आजोबांना ना, तांब्यातसुद्धा भरती दिसते," संग्रहालयाचा कारकून म्हणाला. सगळे हसले. ताईही हसली. "बरं, गवंड्याला विचारते," ती म्हणाली. ते विचारणे राहूनच गेले.

तेव्हापासून आजोबा रोज येऊन बसत आणि पाहुण्यांना वेळेवर मागे वळवत. पण एके दिवशी ते तापाने फणफणून घरी पडले. त्या दुपारी आभाळ शिशासारखे झाले होते. पक्षी गप्प होते. खेकडे मुकाट्याने चौथऱ्यावर चढू लागले. आठ पाहुणे आले. त्यांत काठी टेकत चालणारी एक म्हातारी होती, दोन लहान बहिणी होत्या. ताईने माझ्याकडे पाहिले.

"तांबडं कोरडं ठणठणीत आहे. चला, बुरूज बघून येऊ!"

तिचा माझ्यावर विश्वास होता. तिच्या सुतार आजोबांनीच मला घडवले होते ना! देवा, एकदाच, फक्त एकदाच मला वाचा दे, मी विनवत राहिलो. पाणी चौथऱ्याला चाटू लागले, आणि माझा पट्टा निर्लज्जासारखा कोरडा राहिला.

ते बुरुजावरून परत निघाले तेव्हा वाट दिसेनाशी झाली होती. मधोमध तिला एक वळण आहे. ते चुकले की पुढे खोल पाणी. तेवढ्यात घोंगडी पांघरलेले वाटराख्या आजोबा धापा टाकत आले. माझा कोरडा पट्टा त्यांनी पाहिला. पाठीवर हात ठेवला. रागावले नाहीत. घोंगडी माझ्या पायाशी टाकून ते सरळ पाण्यात शिरले आणि वळणावर जाऊन ताठ उभे राहिले, छातीभर पाण्यात.

"माझ्याकडे बघत या! पायाखाली बघू नका! म्हातारीला मधे घ्या!"

एकमेकांचे हात धरून एकेक जण त्यांच्यापाशी आला आणि वळला. पोरी खांद्यांवर होत्या. शेवटी ताई आली.

"आजोबा, चला!"

"तू हो पुढं. म्हातारीचा हात सोडू नकोस. मी आलोच."

नऊजण काठाला लागले. ताई मागे वळली. वळणावर नुसते पाणी होते.

तो चौथरा ताईने पहारीने स्वतः फोडला, कुणाला हात लावू दिला नाही. आता मी पुन्हा खाली उभा आहे, पायाला शिंपले आहेत आणि फोटोत मी बरा दिसत नाही. ताई दरवर्षी वाटेवर पाण्यात उभी राहून पाण्याची उंची मोजते आणि मगच माझा पट्टा रंगवते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या सजवण्याआधी त्यांचे काम काय होते ते विचारा, आणि ते काम जाणणारे कुणी हयात असेल तर त्याचे ऐका. बुरूज बघायला याल तेव्हा त्या वळणावर क्षणभर थांबा आणि वाटराख्या आजोबांची आठवण काढा. मी खोटा ठरलो त्या दिवशी माझे काम त्यांनी केले.