धुळाजीने काढलेला चंद्र

“दुर्बिणीला मोबाइल लावून पन्नास फोटो काढले, काका. सगळे असेच.”

ऋतुजा मॅडमनी मोबाइल पुढं धरला. काळ्या पडद्यावर कुणी बोटानं चुना टेकवावा तसा पांढरा ठिपका. मॅडम सिरसाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळेला देणगीत एक लहानशी दुर्बीण मिळाली होती. उद्या प्रदर्शन होतं, आणि मुलांनी आपल्याच मैदानातून काढलेला चंद्र बघावा, असा मॅडमचा हट्ट होता.

धुळाजीनं तो ठिपका बघितला आणि तो हसला. “मॅडम, चंद्र उन्हात उभा हाय. भर दुपारी पांढऱ्या धोतरातल्या मानसाचा फोटो काढायचाय असं धरा. तुमचा मोबाइल भोवतीचा अंधार बघून फसतोय.”

तीस वर्षं त्यानं लग्नांचे फोटो काढले होते. दीड वर्षापूर्वी हातांना कंप सुटला. चौसाळ्याच्या एका लग्नात अक्षता पडतानाचे सगळे फोटो हलले आणि नवरीच्या बापानं त्याला नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून कॅमेरा पुतण्याकडं, अंगदकडं गेला. धुळाजी दुकानात बसून पासपोर्ट फोटो कापायचा, तेही वाकडे जायचे. मॅडम गावात नवीन, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्या धुळाजीला बोलवायला आल्या होत्या.

दिवेलागणीला दोघं काका-पुतणे शाळेच्या मैदानात पोचले. मॅडम दुर्बीण मांडून वाट बघत होत्या. अष्टमीचा अर्धा चंद्र डोक्यावर होता. डोळा लावायची नळी काढून अंगदनं तिथं कॅमेरा बसवला. त्याच्या वजनानं दुर्बीण मागं कलली.

“तात्या, तुमी ऱ्हाऊ द्या. मी दाबतो.”

त्यानं बटण दाबलं. चंद्र हलला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

“तुजा हात हलत न्हाई बे,” धुळाजी म्हणाला. “हात लागतोय म्हणून हलतंय. सरक.”

त्यानं पिशवीत दोन विटा घालून दुर्बिणीच्या तिवईखाली टांगल्या. शटरचा वेग वाढवला. थरथरत्या बोटांनी चंद्र चौकटीत आणायला लई वेळ लागला. दर खेपेला तो निसटायचा आणि धुळाजी न चिडता पुन्हा मागं लागायचा. शेवटी त्यानं दहा सेकंदांचा टायमर लावला, दोन पावलं मागं सरला आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. दुर्बीण हळूहळू स्थिर झाली. खट्ट आवाज झाला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवरचा एकेक खड्डा उमटला होता, खड्ड्यातल्या सावलीसकट.

अंगद बराच वेळ वाकून बघत राहिला. “मला न्हाई जमलं असं, तात्या.”

“जमंल. आदी उजेड शिक. बटन कुनीबी दाबतंय.”

“फोटोखाली नाव कुणाचं लिहू?” मॅडमनी विचारलं.

“धुळाजी सटवा देवकते, सिरसाळा,” तो लगेच म्हणाला. “अन् वेळ लिवा. सात वाजून आठ मिनिटं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन प्रती काढल्या. एक शाळेत पाठवली. मग दुकानाच्या दर्शनी कपाटातून एका नवरा-नवरीचा फोटो खाली उतरवला. एकोणीस वर्षं तो तिथं होता. उन्हानं नवरीचा लाल शालू पार निळा पडला होता. धुळाजीनं तो कागदात गुंडाळून ठेवला, काच पुसली आणि चंद्राची चौकट उचलली.

खिळ्यात दोरी अडकवताना चार वेळा हात चुकला. अंगद शेजारीच उभा होता. त्यानं हात पुढं केला नाही.