दुसऱ्यांदा दाबलेले बटण

"बाबा, आज कितीही वेळा दाबा, खुर्ची एकच मिळेल," दारात चपला घालत मुलगी म्हणाली.

"मागच्या वेळी चार मिळाल्या होत्या. ऐसपैस बसलो."

ती नाट्यगृहाची ऑनलाइन तिकीटविक्री सांभाळत असे. वडील तिथेच आयुष्यभर प्रॉम्प्टर होते, विंगेतून नटांना वाक्ये सुचवत. मागच्या प्रयोगाच्या विक्रीत मोबाइलच्या पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, शेकडो लोकांनी बटण पुन्हा पुन्हा दाबले, दर वेळी नवी खुर्ची गेली, आणि अर्ध्या रिकाम्या सभागृहाबाहेर ‘हाउसफुल्ल’ची पाटी झळकली. संचालकांनी समिती नेमली. समितीने विद्वत्तेची पराकाष्ठा करून सारे खापर प्रेक्षकांच्या बोटांवर फोडले आणि ‘कृपया संयम बाळगा’ ही सूचना ठळक अक्षरांत लावण्याची शिफारस केली. संयम यंत्रालाही शिकवता येतो, हे कोणाच्या गावीही नव्हते. आज पुन्हा घोटाळा झाला, तर विक्री खिडकीवर परतणार होती. आणि रांग वडिलांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

"केलंस काय नेमकं?"

"प्रत्येक मागणीला खूण दिली. तीच खूण परत आली, तर नवी खुर्ची नाही, आधीचंच उत्तर. आणि पावती मागाहून. तिच्यापायी कोणी ताटकळायचं नाही."

"म्हणजे रंगमंचावरची तुझी आई," वडील म्हणाले. "ऐकू गेलं नसेल म्हणून मी वाक्य पुन्हा सांगायचो, तर बाकीचे नट बेटे दोनदा म्हणायचे. ती एकदाच म्हणायची. शिवाय विंगेकडे बघून डोळे वटारायची."

नाट्यगृहात पोचून तिने विक्री उघडली. गर्दी लोटली, चक्र क्षणभर फिरले आणि थांबले. नोंदींत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलेल्या बटणांचा नुसता पाऊस होता. खुर्च्या मात्र माणशी जितक्या हव्या तितक्याच गेल्या.

संचालक टेबलाशी आले. "बघा, सूचना वाचली लोकांनी."

"हो ना," ती म्हणाली. "लोक फारच सुधारले."

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. "मुद्दाम सहादा दाबलं. एकच आली. पास झालीस."

"मग आवाज का असा?"

"काही नाही गं. मागच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर तुझ्या आईची शाल ठेवली होती."

"दोन मागता येतात, बाबा. देऊ?"

"छे. दारातून कोणी परत जायला नको. तिला नसतं खपलं."

प्रयोगाच्या संध्याकाळी तिने मागून पाहिले. वडिलांशेजारी कोणी अनोळखी माणूस खो खो हसत होता. वडिलांनी शालीची घडी मांडीवर घेतली आणि खुर्च्यांमधल्या दांड्यावरचा आपला कोपर त्याच्यासाठी काढून घेतला.