तीन धोट्यांची किनार

“रडून राहिली का गा ती?” बाबनरावानं दारातूनच विचारलं.

“रडते कशाची,” मारोतराव म्हणाला. “दुसऱ्यांदा रस्सा मागून राहिली.”

नागपुरातल्या गोळीबार चौकामागची अर्धी गल्ली ओसरीवर जमली होती. मारोतराव कोष्ट्याच्या घरी मागाचं काम शिकायला सिलोनहून बाई येणार म्हटल्यावर लोकांनी मडमिणीची तयारी ठेवली होती. टांग्यातून उतरली ती सावळीशी, तेल चोपडून वेणी घातलेली, साडी जरा निराळी नेसलेली एक तरुण बाई. नाव कुसुमावती. नावातही परकेपणा सापडेना, तेव्हा लोकांची सगळी भिस्त मारोतरावाच्या बायकोच्या, तुळजाबाईच्या हातावर राहिली. कोष्ट्याघरचा लालभडक रस्सा खाऊन बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांना धार लागली नाही, असं आजवर झालं नव्हतं. कुसुमावतीनं भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि आणखी तिखट मिळेल का, असं खुणेनं विचारलं. गल्ली हिरमुसून पांगली.

मारोतराव मात्र तिथेच बसून राहिला. त्याचा स्वभावच चौकस. टांग्यात बसला तर घोड्याचं वय विचारणार, पाव्हणा आला तर त्याच्या गावच्या विहिरीला पाणी किती ते विचारणार. ही बाई घरात आली तीही याच स्वभावापायी. विणकर केंद्राचे मधुसूदन देशकर साहेब दिवाळीआधी येऊन म्हणाले होते, “कोलंबो योजना म्हणतात हिला. शेजारपाजारचे देश मिळून खर्च उचलतात आणि एकमेकांकडे माणसं शिकायला धाडतात.”

“सिलोन आपला शेजारी हाये?”

“मध्ये समुद्र आहे. पण शेजारीच.”

“मंग आमच्या उमरेडवाल्याले काय म्हणाचं?”

साहेब हसले. मारोतरावानं गमतीनं विचारलं नव्हतं. त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, चंद्रकलेचं वैशाखातलं लग्न उमरेडच्या घरात ठरलं होतं, आणि त्या घरातही माग होते.

मारोतरावाच्या घरात करवती किनारीचं लुगडं विणत. त्याला आडवं सूत टाकणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे भेटतात, तिथे करवतीसारखे दात काढायचे. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मुख्य विणणारा बसतो आणि डावीकडचा धोटा टाकायला त्याच्या शेजारी दुसरा. मारोतराव आणि त्याचा धाकटा भाऊ बाबनराव यांची ही जोडी जमून गेली होती. दात वळताना त्या जागी बारीकसं भोक राहतं. ते राहू नये याची एक युक्ती या घरात होती, आणि ती घराबाहेर जाऊ नये म्हणूनच लेकीला मागावर बसवायचं नाही, असा वाडवडिलांपासूनचा नेम होता. लेक परक्या घरी जाणार आणि जाताना किनार घेऊन जाणार. सुनेला शिकवायला तशी हरकत नव्हती, पण सुनेलाही कोणी कधी शिकवलं नव्हतं. बायकांनी रहाटावर धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायच्या आणि सुताला खळ द्यायची.

“सिलोन लय दूर हाये,” मारोतरावानं भावाची समजूत घातली. “तिथलं लुगडं काही इतवारीच्या बाजारात येत नाही. भेव उमरेडचं हाये.”

“तरी पण युक्ती देऊ नको, दादा.”

“तेवढी अक्कल हाये मले.”

युक्ती तशी साधी होती. दात वळला की आडवं सूत दाबणाऱ्या फणीचा पहिला ठोका हलका मारायचा, सूत जागेवर बसावं एवढाच, आणि मग दुसरा जड. कुसुमावतीपुढे मारोतराव दोन्ही ठोके जडच मारी. तिचा हात चांगला होता, पण तिच्या प्रत्येक दातापाशी भोक राही. ती कापड उजेडात धरून बघे, मग त्याच्याकडे बघे आणि म्हणे, “काहून?”

हा एक शब्द तिनं आल्या आठवड्यातच गल्लीतून उचलला होता. बाकी काम मोडक्या हिंदीवर आणि हातवाऱ्यांवर चाले. भाकरी थापतात, लाटत नाहीत, काहून? नागपुरात एवढी थंडी काहून? दोन घोंगड्या पांघरून ती मागावर बसे. मारोतरावाला तर मेजवानीच मिळाली. तोही तिला समुद्राबद्दल विचारी. त्याचं पाणी रात्री कुठं जातं, नारळाच्या दोरानं होडी शिवतात ते खरं का, तुमच्याकडं मागाला खड्डा असतो की नसतो. ती बौद्ध होती, रविवारी दीक्षेच्या मैदानावर नमस्कार करून येई. तिथली माणसं तिला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत आणि परत आली की मारोतरावही तिला प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसे.

एकदा तिनं कांड्या भरत बसलेल्या चंद्रकलेकडे बोट दाखवलं. “चंद्रकला… माग… नाही. काहून?” आणि दोन बोटं शेजारी शेजारी धरून सांगितलं की आमच्याकडे बायकाच विणतात, दोघी दोघी बसून.

“तिचं लगन हाये,” मारोतराव म्हणाला.

“काहून?”

मारोतराव बिडी ओढायला बाहेर गेला. चंद्रकला रहाट फिरवत राहिली. तिनं मान वर केली नाही, पण रहाट मघापेक्षा जोरात फिरायला लागला होता.

पौषातली दुपार होती. बाबनराव जेवायला आपल्या घरी गेला होता आणि मारोतराव कुसुमावतीला मागावर सोडून आतल्या खोलीत आडवा झाला होता. मागाचा आवाज चालू असला की कोष्ट्याला छान झोप लागते. त्याला जाग आली ती आवाज बदलला म्हणून. एक हलका ठोका पडला आणि लगेच एक जड. तो उठून बसला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाबनराव घरी, आपण इथं, मग हा ठोका कोणाचा?

त्यानं दाराआडून पाहिलं. खड्ड्यात पाय सोडून चंद्रकला बसली होती आणि तिच्या डावीकडे कुसुमावती धोटा टाकत होती.

त्याच्या अंगाची आग झाली. लग्न तोंडावर आलेल्या पोरीनं बापाच्या पाठीमागं हे उद्योग करावेत! मग त्याच्या लक्षात आलं की पाठीमागं हेच खरं. चंद्रकलेची जागा जन्मभर त्याच्या पाठीमागे, रहाटापाशी होती. तिथून त्याचे हात दिसत नसत. पोरीनं युक्ती पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती. कांड्या भरता भरता, लहानपणापासून, रोज.

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण मूळचा स्वभाव आड आला. हिचा दात वळतो कसा, ते एकदा बघू तरी. दात वळला. भोक नव्हतं. मारोतरावाला एवढा आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. तो गुपचूप जाऊन पुन्हा आडवा झाला.

त्यानंतर तो रोज दुपारी हात धुतले की आत जायला लागला.

“अलीकडं लय झोप येऊन राहिली तुम्हाले,” तुळजाबाई म्हणाली.

“थंडी हाये वं.”

“हो ना. थंडीत ऐकू बी चांगलं येते.”

माघात कुसुमावतीचं शिकणं संपलं. केंद्रात तिचं कापड दोरीवर पसरलं होतं. देशकर साहेब, गल्लीतली चार जाणती माणसं, बाबनराव, कुसुमावतीसोबत आलेली चंद्रकला, सगळे भोवती उभे होते. हा तुकडा कोलंबोला जायचा होता आणि तिथल्या विणकरांना दाखवला जायचा होता, विणणाऱ्यांच्या नावासकट.

“इथवर बाईंचा हात दिसतो,” साहेब म्हणाले. “आणि हा शेवटचा भाग तुमचा ना, मारोतराव? दात काय वळलाय.”

“दादाचाच,” बाबनराव म्हणाला. “दुसरा कोण टाकते असा दात?”

कुसुमावती काही बोलणार होती. चंद्रकलेनं तिचं मनगट धरलं. मारोतरावाला ते दिसलं. त्याला काहीच करायचं नव्हतं, नुसती मान हलवायची होती. मान हलवली की घरची किनार घरात, भाऊ खूश, आणि उमरेडवाल्यांना पत्ताही नाही. त्यानं दातांवरून अंगठा फिरवला. कापड फार सुरेख आलं होतं. दुसऱ्याचं कापड त्यानं कधी आपलं म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची वेळ यावी ती पोटच्या पोरीच्या कापडावर, हे त्याला सोसेना.

“माझा नाही,” तो म्हणाला. “चंद्रीचा हात हाये. माझ्या पोरीचा.”

साहेबांनी नाव विचारून लिहून घेतलं. गल्लीतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. चंद्रकलेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

घरी आल्यावर बाबनराव म्हणाला, “वैशाखात पोरगी नाही, आपलं घर चाललं उमरेडले.”

“ऐकून शिकली गा ती. तिच्या कानात का बोळे घालाचे होते?”

“चार माणसांत बोलाचं काही नडलं होतं का?”

“नडलं होतं,” मारोतराव म्हणाला.

“मंग आता डावीकडं दुसरा कोणी पाहा.” बाबनरावानं टोपी घातली आणि तो गेला. दुसऱ्या दिवसापासून तो शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या मागावर बसायला लागला.

कुसुमावती गेली. तुळजाबाईनं तिला मसाल्याची पुडी बांधून दिली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. वैशाखात लग्न झालं. उमरेडच्या सासूनं नव्या सुनेची हळद उतरायच्या आत तिला मागावर बसवलं. बाबनराव म्हणाला होता त्यातलं एक अक्षर खोटं ठरलं नाही. पोळ्याच्या सुमारास इतवारीत ताराचंद शेटजींच्या दुकानात मारोतरावासमोर एक लुगडं उलगडलं गेलं.

“उमरेड का माल है,” शेटजी म्हणाले. “बिलकुल तुमच्यासारखा दात, मारोतराव. गिऱ्हाईक आता यालेच हात घालून राहिलं.”

मारोतरावानं लुगडं उजेडाला धरलं. दातांपाशी कुठंच उजेड आरपार येत नव्हता. “चांगलं हाये,” एवढंच तो म्हणाला. दुकानातून उतरताना त्याला वाटलं, कोणाला तरी थांबवून सांगावं की हे माझ्या पोरीनं केलंय. पण आता हे लुगडं इथं येत राहणार आणि आपलं मागं पडणार, हेही त्याला समजत होतं.

घरी येऊन तो मागावर बसला. उजवीकडचा धोटा टाकला, मधला टाकला. डावीकडच्यासाठी खड्ड्यातून अर्धं उठून, वाकून पलीकडे हात न्यावा लागे आणि परत जागेवर येऊन बसावं लागे. तेवढ्यात उभ्या सुताचा ताणा सैल पडे. असं त्याचं माघापासून चाललं होतं. बोटभर कापडाला अर्धा दिवस जाई.

मागे रहाट थांबला. तुळजाबाईनं पदराला हात पुसले, समोरून वळसा घालून आली आणि बाबनरावाच्या जागी बसली. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती तिथं कधी बसली नव्हती. तिनं डावा धोटा उचलला आणि त्यातली कांडी नीट बसली आहे का ते पाहिलं.

मारोतराव तिच्याकडे पाहतच राहिला. “तुले येते?”

“तुमच्या पाठीमागं काय एकटी चंद्रीच बसत होती?” ती म्हणाली.

तिला नीट बसता यावं म्हणून मारोतराव थोडा उजवीकडे सरकला.