दोन तासांत दोहा

मी रामाकोन्याच्या शाळेतला एक जुना पृथ्वीगोल आहे. मित्रांनो, पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, वर नकाशा डकवून मला घडवलं. शोभाबाईंच्या भूगोलाच्या तासाला मला फिरवायला मुलं भांडायची. पुढे भिंतीवर नकाशे दाखवणारा पडदा आला आणि मी कपाटावर गेलो. माझ्यावर अजून सोव्हिएत संघ आहे, म्हणून मुलं हसतात.

एका सकाळी दादाराव शाळेत आले. संत्र्याचे बागायतदार, पण भारी संशयी. दुधाच्या मापावरही त्यांचा विश्वास नाही. मागच्या वर्षी त्यांच्या साडूचा मुलगा खोट्या तिकिटापायी विमानतळावरून परतला. तेव्हापासून तर विचारूच नका. मागे त्यांची मुलगी तृप्ती होती, डोळे रडून सुजलेले. ती नर्स. दोह्याला नोकरी लागली होती, चार दिवसांनी विमान होतं, आणि पासपोर्ट दादारावांनी पेटीत कुलूपबंद केला होता.

"बाई, हे तिकीट पाहा," दादाराव म्हणाले. "नागपूरहून दुपारी एकले निघते अन् तीनले दोह्याले उतरते म्हणे. आपल्या बसले इथून नागपूरले जाले दोन तास लागते! फसवून राहिले पोरीले."

"बाबा, तिथल्या दवाखान्यानंच पाठवलं ते."

"तू चूप राह्य!"

शोभाबाईंनी मला खाली उतरवलं. दादारावांनी चष्मा लावून मला न्याहाळलं. "हा देश तर कवाचा मोडला. गोळाच खोटा आहे, बाई!"

मी मनातून खचलो. त्यांच्या बोलण्यात खोटं काय होतं?

"देश मोडतात, दादाराव. पण नागपूर जागचं हललं का?" बाईंनी दोरा काढला. दादारावांनी तो हिसकून घेतला आणि नागपूर ते दोहा स्वतः तीनदा मोजलं. माझ्यावरच्या प्रमाणपट्टीला दोरा लावला, तर तिन्ही वेळा अठ्ठावीसशे किलोमीटर भरले.

"दोन तासांत एवढं होत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणलं होतं ना!" दादाराव गरजले. तृप्तीचा चेहरा उतरला.

बाईंनी मला खिडकीतल्या उन्हात धरून हळूच फिरवलं. "पाहा, ऊन आधी आपल्याकडे येते, मग तिकडं. आपल्याकडे साडेपाच, तेव्हा दोह्यात तीन. तिकिटावर निघायची वेळ इथली अन् पोचायची तिथली. साडेचार तासांचं विमान आहे हे."

दादारावांनी स्वतः मला उन्हात फिरवून पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी तृप्तीच्या हातावर ठेवली. संशय मात्र गेला नव्हता.

पुढचं त्यांनीच नंतर बाईंना सांगितलं. तृप्ती आत गेल्यावर ते विमानतळाबाहेरच बसून राहिले. पावणेसहाला तिचा व्हिडिओ कॉल आला, "बाबा, उतरली मी. इथं सव्वातीन झाले."

"असं नाही. मले ऊन दाखव."

तिनं फोन खिडकीतून आकाशाकडे धरला. नागपुरात दिवस मावळत होता. पोरीकडे अजून दुपारचं लख्ख ऊन होतं. तेव्हा कुठे दादारावांच्या जिवात जीव आला.

मित्रांनो, संशय आला तर खुशाल घ्या, पण त्यावरच अडून बसू नका. दोरा घ्या आणि मोजा. फक्त मोजताना मला दोन्ही हातांनी धरा, माझा आस आता सैल झाला आहे.