दोन बाळं आणि एक वायर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुम्हाला कपड्यांची नाहीतर खेळण्यांची पेटी आठवेल, पण माझ्यात बाळं ठेवतात. जी बाळं दिवस भरायच्या आतच घाई करून जन्माला येतात, त्यांना स्वतःची ऊब स्वतः राखता येत नाही. ती मी राखते. मोठी माणसं हळू आवाजात एकमेकांना सांगतात ना, 'बाळाला काचेत ठेवलंय', ती काच म्हणजे मी.

आधीच सांगून टाकते, मी जात्याच भित्री आहे. माझ्या शेजारचा वजनकाटा माझ्याच वयाचा, पण त्याला कशाचं काही नाही. बाळ ठेवलं की आकडा दाखवतो आणि पुन्हा खुशाल झोपतो. माझ्या पोटात मात्र दीड किलोचा जीव चोवीस तास असतो. तुमचं शाळेचं दप्तर याहून जड असेल. एवढासा जीव पोटात घेऊन निर्धास्त कसं राहायचं, हे मला आजवर कोणी शिकवलेलं नाही.

दूरच्या एका देशातल्या मोठ्या कारखान्यात मी तयार झाले. काच बसवली, खाली तापणारी तार बसवली, हात घालायला चार गोल खिडक्या केल्या. शेवटी एक बारीक वायर जोडली. मित्रांनो, ही वायर नीट लक्षात घ्या. तिच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चकती असते. ती बाळाच्या पोटावर चिकटवतात. मला दिसतं, मला ऐकू येतं, पण बाळ गरम आहे की गार, हे मला फक्त त्या चकतीतून कळतं. चकती म्हणाली गार, की मी तापते. चकती म्हणाली गरम, की मी थांबते. आणि काही बिनसलं की मी ओरडते. मला येतं ते एवढंच.

त्या देशातल्या इस्पितळात मी बारा वर्षं काढली. तिथे दोन बाळांमागे एक नर्स होती. दिवे जाणं म्हणजे काय असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. दर सोमवारी एक टकला मेकॅनिक शीळ घालत यायचा, माझं बटण दाबून मला मुद्दाम ओरडायला लावायचा आणि 'घसा बरा आहे' म्हणून कागदावर सही करायचा. प्रत्येक बाळाला नवी कोरी वायर मिळायची. बाळ घरी गेलं की ती वायर सरळ कचऱ्याच्या डब्यात. दुसऱ्याच्या अंगाला लागलेली वस्तू बाळाला लावायची नाही, असा तिथला नियम. मी भित्री ती तिथेही भित्रीच होते, पण माझी भीती दहा सेकंदांच्या वर टिकायची नाही. मी ओरडले की एक उंच नर्स हजर. एकदा तर मी उगाचच ओरडले होते, तरी तिघी धावत आल्या आणि मला ओशाळल्यासारखं झालं.

तिथली माणसं फार मायाळू होती असं मात्र समजू नका. ती उंच नर्स सदा आंबट चेहऱ्याची. सारखं घड्याळाकडे बघायची, बाळाशी एक शब्द बोलायची नाही. बाळांच्या आया कोट घालून यायच्या, तासभर बसायच्या आणि कामावर परत जायच्या. पण तिथे एखादी नर्स आळशी निघाली तरी बाळ जगायचं, कारण तिच्या मागे दुसरी नर्स, तिच्या मागे मेकॅनिक, त्याच्या मागे नव्या वायरींनी भरलेलं कपाट. आता मी जिथे आहे, तिथे बाळ जगायचं तर एका बाईला दर तासाला थोर व्हावं लागतं. दोन देशांतला फरक मला विचाराल तर एवढाच आहे, आणि त्यानेच माझी झोप उडाली आहे.

बारा वर्षं झाली आणि माझ्या पाठीवर 'वापर बंद' असा कागद चिकटवला. मेकॅनिक म्हणत होता की हिला काहीएक झालेलं नाही, ही अजून दहा वर्षं ओढेल. पण नियम म्हणजे नियम. मला गोदामात नेलं. तिथे माझ्यासारख्या सात पेट्या प्लास्टिक पांघरून रिकाम्या उभ्या होत्या. मग एके दिवशी कोणाला तरी सुचलं की ही पेटी गरीब देशाला भेट द्यावी. माझ्याजवळ उभं राहून चार साहेबांनी फोटो काढून घेतला. तिथेच चूक झाली. पेट्या एका खात्याच्या आणि वायरी दुसऱ्या खात्याच्या होत्या. पेटी पाठवा, असा कागद निघाला होता. वायरी पाठवा, असा कागद काढायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. खोका बंद करताना मेकॅनिकच्या ते ध्यानात आलं. त्याने खिशातून एक वायर काढली आणि माझ्या खणात सरकवली. "एवढी एक तरी असू दे," तो स्वतःशीच पुटपुटला.

बरेच दिवस बोटीच्या पोटात, अंधारात हिंदकळत मी या देशात आले. इथला वॉर्ड म्हणजे एक लांब खोली. भिंतींना खांद्यापर्यंत हिरवा रंग, खिडक्यांना जाळी, एका पंख्याचं एक पातं वाकलेलं. बाळं चौदा आणि सिस्टर एक. तिच्या हाताखाली फरशी पुसणारी, दुपटी धुणारी एक मावशी. मी आले तेव्हा दोघींनी माझ्यावरून असा हात फिरवला की मला भरून आलं. बारा वर्षांत माझ्यावर असा हात कोणी फिरवला नव्हता. पण लगेच वायरमन आला. माझा प्लग इथल्या भिंतीत बसेना, म्हणून त्याने तो कचकन कापलाच. माझी तर पाचावर धारण बसली. मग त्याने इथला प्लग जोडला आणि माझ्या पायाशी विजेचा दाब बदलणारा एक जड डबा ठेवला. तो तेव्हापासून सारखा घुमतो आहे.

पहिल्याच दिवशी सिस्टरने माझ्यात एक बाळ ठेवलं, त्याच्या पोटावर चकती चिकटवली आणि मग त्याच्या शेजारी दुसरं बाळ ठेवलं. मला वाटलं, बाईची नजरचूक झाली. मी वाट बघत राहिले की आता उचलेल, मग उचलेल. ती काही उचलेना. मावशीने बिचकत विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, बाहेर ठेवलं तर गारठून जाईल, आत निदान ऊब तरी मिळेल. तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण मित्रांनो, वायर एकच होती. उजवीकडचं बाळ मला कळत होतं. डावीकडचं बाळ माझ्या पोटात असूनही मला परकं होतं. ते गार पडलं काय, तापलं काय, मला पत्ता लागणार नव्हता. त्या दिवशी माझ्या काळजात जी धडकी भरली, ती आजतागायत गेलेली नाही.

त्यात इथली वीज म्हणजे लहरी बाई. दिवसातून तीस-चाळीस वेळा ती मान टाकायची आणि तितक्या वेळा मी ओरडायचे. बाळं दचकून रडायची. सिस्टर धावत यायची, बघते तर सगळं ठीक. पुन्हा ओरड, पुन्हा धाव. चौदा बाळांची एकच आई असल्यासारखी ती बाई धावायची. शेवटी तिच्या नाकी नऊ आले. मावशीने कापसाचा बोळा केला, माझ्या ओरडायच्या भोकांत ठासून भरला आणि वरून चिकटपट्टी लावली. "आता झोपतील हो लेकरं," ती समाधानाने म्हणाली. तिने ते मायेपोटीच केलं. पण माझं तोंड बंद झालं. मी ओरडले तरी आता डास गुणगुणावा तेवढा आवाज यायचा.

आता ती दुपार सांगते. तेव्हा डावीकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा मुलगा होता. नऊ दिवसांचा, बिनवायरीचा. उजवीकडे एक मुलगी होती. तिची आई ताप येऊन दुसऱ्या वॉर्डात पडली होती. शिवणवाली रोज माझ्यापासून हातभर अंतरावर, स्टुलावर बसून राहायची. आयांनी पेटीला हात लावायचा नाही, असा सिस्टरचा सक्त हुकूम होता, कारण हातावरून रोग आत जातो. त्यामुळे त्या माऊलीने नऊ दिवस मुलाला नुसतं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिची नजर कापड बेतणाऱ्या बाईची. कुठलं बोट कसं वळतं, झोपताना पाय किती दुमडतात, सगळं तिला पाठ झालं होतं.

दुपारी बाळंतपणाच्या खोलीतून बोलावणं आलं आणि सिस्टर धावत तिकडे गेली. मावशी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला फरशी पुसत होती. उजवीकडच्या मुलीने पाय झाडले. किती वेळा धुतलेली, किती वेळा चिकटवलेली ती चकती तिच्या पोटावरून सुटली आणि कुशीजवळच्या ओल्या दुपट्यावर पडली. ओलं दुपटं गार होतं. चकती मला म्हणाली, बाळ गार पडतंय.

मी तापू लागले.

चकती म्हणे अजून गार. मी अजून तापले. चकती खाली पडलेली मला दिसत होती हो. पण दिसलं म्हणून मला थांबता येत नाही, मला तसं बनवलेलंच नाही. वायर सांगेल ते ऐकायचं, एवढंच माझ्या हाती. हवा फार तापल्यावर मी ओरडले. बोळ्यातून गुणगुण बाहेर पडली आणि पायाशी घुमणाऱ्या डब्याच्या आवाजात विरून गेली. दोन्ही बाळं लाल झाली. आधी ती रडली, मग रडायची थांबली. मित्रांनो, रडणारं बाळ बरं. गप्प झालेल्या बाळाची मला जास्त भीती वाटते.

शिवणवाली स्टुलावरून उठली. तिच्या मुलाचे सदा दुमडलेले पाय सरळ पसरले होते. तिने मावशीला हाक मारली. मावशीने लांबूनच सांगितलं की झोपलं असेल, हात लावू नको, सिस्टर खवळतील. बाई दाराकडे बघत राहिली. सिस्टर येईना. मग ती वळली आणि नळाकडे गेली. मला वाटलं, पळाली की काय ही. पण तिने सिस्टरला नऊ दिवस हात धुताना पाहिलं होतं. तिने साबण घेतला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, मनगटं चोळली, कोपरापर्यंत फेस केला. इकडे माझ्या पोटात आग आणि ही बाई नखं साफ करत होती! ते एक मिनिट मला माझ्या बारा वर्षांहून मोठं वाटलं.

गोल खिडकीतून तिचा ओला हात आत आला. तिने मुलाच्या पोटाला बोट लावलं आणि हात झटकन मागे घेतला. मग शेजारच्या मुलीच्या पोटालाही लावलं. पुढचं काय करावं हे तिला माहीत नव्हतं. तिने माझा पुढचा दरवाजा सताड उघडला आणि भिंतीतून माझा प्लग ओढून काढला. मावशी पोतेरं टाकून ओरडत आली, तिच्या आवाजाने सिस्टरही धावत आली. दार उघडं, प्लग जमिनीवर आणि बाईचे दोन्ही हात आत. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला नंतर ओरडा, बाई," शिवणवाली म्हणाली. "आधी दोघांना हात लावून बघा."

सिस्टरने हात लावला. मग तिला दुपट्यावर पडलेली चकती दिसली. तिने मुलाला उचलून आईच्या हातात दिलं आणि मुलीला स्वतः घेतलं. मुलाने लगेच चिडून टाहो फोडला. मुलगी मात्र फडक्यासारखी लोंबत होती. सिस्टरने तिच्या तळपायावर टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन. पाठ चोळली. पुन्हा टिचक्या. मग त्या मुलीने तोंड वाकडं केलं आणि बारीक, किरकिरा आवाज काढला. मावशी पदरात तोंड लपवून रडू लागली.

दोन्ही बाळं वाचली. संध्याकाळी सिस्टर माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि चिमट्याने एकेक करून कापूस उपसून काढला. तेव्हापासून मी पुन्हा दिवसातून चाळीस वेळा ओरडते आणि ती चाळीस वेळा येते. तिने वायरी मागवायला पत्रही लिहिलं. उत्तर आलं की या जातीच्या पेटीचं सामान आता कोणी बनवत नाही, आणि भेट आवडल्याचं वाचून आनंद वाटला. गोदामातल्या सात पेट्यांचं काय झालं, कोण जाणे.

मग इथल्या बायकांनी आपला एक रिवाज पाडला. दर तासाला सिस्टर वायर एका बाळाची काढून दुसऱ्याला लावते. ज्याला वायर नसेल, त्याला स्टुलावर बसलेल्या आईने हात धुऊन दर थोड्या वेळाने चाचपायचं. ते बाळ आपलं असो की दुसरीचं. शिवणवालीने घरी जाण्याआधी हे पुढच्या आईला शिकवलं, तिने त्याच्या पुढच्या आईला. सिस्टरने हात लावायची परवानगी दिली, पण कोपरापर्यंत धुतल्याशिवाय नाही.

हे मी तुम्हाला सांगते आहे, तेव्हाही माझ्यात दोन बाळं आहेत. उजवीकडे सव्वा किलोची मुलगी, डावीकडे तिच्याहूनही हलका एक मुलगा. वायरीचं वरचं वेष्टण आता फाटलं आहे, सिस्टरने त्यावर पट्टी गुंडाळली आहे. सिस्टर पलीकडे एका बाळाला नळीने दूध पाजते आहे. स्टुलावर बसलेली आई दोन दिवसांची जागी आहे, तिची मान पुढे कलली आहे. या तासाला वायर मुलीच्या पोटावर आहे. ती ठीक आहे, हे मी खात्रीने सांगू शकते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी यंत्रं बनवाल, कोणी कागद काढाल, कोणी सिस्टर व्हाल. ज्या देशात कपाट भरलेलं असेल तिथे राहाल, नाहीतर जिथे कपाटच नसेल तिथे. तेव्हा काय करायचं ते करालच. पण आत्ता, आधी कोणीतरी हात धुवा, कोपरापर्यंत, आणि डावीकडच्या मुलाच्या पोटाला हात लावून बघा. तो मघापासून रडलेला नाही.