वजिरांचा दुभाषा

“सरहद्द फौलादाची आहे,” वजिरांच्या उर्दू वाक्याचं दिनकररावांनी मराठी केलं आणि मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गोळा करून बसवलेल्या माणसांकडे बघायचं टाळलं.

१९४८चा श्रावण. निजामाच्या संस्थानाचे संरक्षणमंत्री दौऱ्यावर आले होते. बूट चकचकीत, कानात अत्तराचा फाया. लोकांनी घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडे पळू नये, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तहसील कचेरीतले कारकून दिनकरराव वीस वर्षं साहेबांचं बोलणं रयतेला आणि रयतेचं साहेबांना सांगत आले होते. टोचणारं तेवढं अलगद गाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बढती त्यावरच मिळाली होती.

“तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही,” त्यांनी वजिरांचं पुढचं वाक्य सांगितलं.

पुढून धुरपताबाई उठली. पंधरवड्यापूर्वी तिच्या गावात हत्यारबंद टोळी शिरली होती. नवरा, आश्रुबा, दारातच मारला गेला.

“सायेब, इचारा त्येला. राखणीचा वजीर हाय म्हनतो, मंग राखतो काय? दिवसाढवळ्या गाव जळायलं व्हतं. चौकी हाकेवर, पन एक शिपाई आला न्हाई. सरहद्द कशाला दावायलाय आमाला? मारनारे आतलेच व्हते!”

वजिरांनी भुवई उचलली. “क्या कहती है?”

शब्द न् शब्द दिनकररावांच्या ओठांवर आला होता. शेजारी तहसीलदार नुसते खाकरले.

“हुजूर, दुआ दे रही है.”

वजीर खुलले. बाईला द्या म्हणून त्यांनी गळ्यातला हार काढून दिनकररावांच्या हातात ठेवला आणि ते मोटारीकडे वळले. शिपायानं त्यांच्यावर छत्री धरली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

दिनकरराव हार घेऊन चौथऱ्यावरून खाली उतरले. दुआ म्हणजे काय, हे मोंढ्यात सगळ्यांनाच कळत होतं.

“मी दुवा दिली?” धुरपताबाईनं विचारलं.

“बाई, तुमच्याच भल्यासाठी... उचलून नेलं असतं तुम्हाला.”

“माझं काय न्यायचं ऱ्हायलंय? तुमी भ्यालात ते सोतासाठी.”

तिनं हार हातात घेतला. आता तुडवते की काय, असं त्यांना वाटलं. तिनं तो नीट सरळ केला, टाचा उंचावून त्यांच्या गळ्यात घातला आणि पदर सावरून वाटेला लागली.

वजीर मोटारीतून अजून हात हलवत होते, त्यामुळे हार काढता येईना. दिनकरराव मान खाली घालून उभे राहिले. लोक त्यांना वळसा घालून घराकडे जाऊ लागले.