झोपी गेलेले जंतू

मुलांनो, काचेची झाकणाची एक बशी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात खळीसारखा थिजलेला थर, त्यावर जंतूंची साय. मधोमध औषधाची टिकली ठेवली होती. तिच्याभोवतीचे जंतू मेले, म्हणून तिथे स्वच्छ गोल पडला. मग टिकली काढून त्या जागी अन्न ठेवलं. आता गोलात नीट पाहा. चार बारीक ठिपके दिसतात?

गारखेड्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चतुराबाई तेच ठिपके पाहत होत्या. तीस वर्षं त्यांचं हेच काम. हे जंतू पुतळाबाईच्या पायाचे. पिशोरकडच्या या मेंढपाळ बाईची जखम भरत आली होती, पुन्हा चिघळली. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या पुऱ्या घेऊनही असं झालं असेल, तर उद्या दोन बोटं काढावी लागतील.

पुतळाबाईची नऊ वर्षांची लेक बाना जवळ आली. "मावशी, मेले का समदे?"

"चार उरलेत. कळपात लांडगा शिरला तर काय होतं गं?"

"समद्या पळत्यात. एखादी तिथंच गप पडून राहती."

"यांचंही तसंच. दाटी झाली, की हे एकमेकांत रसायनं सोडतात. तो इशारा मिळाला, की काही वाढत राहतात, काही झोपी जातात. औषध वाढणाऱ्यांना मारतं. मध्येच थांबलं, की झोपलेले उठतात."

"आन् थांबलंच नाय तर?"

"तर उठतील तसे औषधाच्या तावडीत सापडतात."

चतुराबाईंनी बाहेर जाऊन बाकावरच्या पुतळाबाईला विचारलं, "गोळ्या सगळ्या घेतल्या ना, बाई?"

"व्हय तर! ही माझी डाक्टरीनच हाय. हिनं हातावर ठिवायची, म्या गिळायची. संपल्या म्हनली, तवा संपल्या."

चतुराबाई आत आल्या, तर बाना भिंतीला चिकटून उभी.

"मावशी, माय बरी झालती. कोकरू लई खोकत व्हतं. सा गोळ्या म्या त्याला भाकरीत चारल्या."

"जगलं का?"

"नाय."

चतुराबाईंनी बशीवर झाकण ठेवलं. "औषध अजून लागू पडतंय, बाळा. पुरं दिलं तर बोटं वाचतीलही. डॉक्टरांना मी सांगते. आईला कोण सांगणार?"

बाना बाहेर गेली. आईच्या पट्टी बांधलेल्या पायाशी खाली बसली.

"माय," ती म्हणाली, "गोळ्या संपल्या नव्हत्या."